खांद्यावरचा हात

मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या घरातून लोणी करपल्याचा वास आला आणि मला कळलं, आला पुन्हा तो ऋतू. आयर्लंडात ऋतू आकाशाकडे बघून ओळखायला जाऊ नये. आकाश बाराही महिने तेच, ओल्या पोतेऱ्यासारखं. इथला ऋतू नाकानं ओळखायचा, नाहीतर दुकानात. दाराशीच लिंबं, मैदा आणि साखर यांचा ढीग लागला की समजायचं, पॅनकेकचा मंगळवार आला. त्या दिवशी सगळ्यांनी पोटभर गोड धिरडी खायची आणि दुसऱ्या दिवसापासून थेट ईस्टरपर्यंत, चाळीस दिवस, काहीतरी सोडायचं. कुणी चॉकलेट सोडतं, कुणी बिअर. बुधवारी सकाळी ॲडम्सटाउन स्टेशनावर दोघा-तिघांच्या कपाळावर त्या व्रताचं राखेचं बोट दिसलं आणि घरी येऊन मी हाताला लागेल ते आवरायला घेतलं.

किचनमधला प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडला, बंद केला. डाळींचे डबे काढले, पुसले, होते तिथेच परत ठेवले. घड्या घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घातल्या. शेवटी आमची दहा वर्षांची ईरा सोफ्यावरून म्हणाली, "आई, वुड यू एव्हर सिट डाउन! यू'र मेकिंग मी डिझी." बसायला काय हरकत होती? पण फोनवर लोरेटाचा मेसेज येऊन पडला होता. शनिवारी सकाळी दहा वाजता, तोच हॉल, आणि जोडीदार म्हणून तूच. त्याखाली आणखी एक ओळ होती. नवा वजनकाटा घेतलाय, जुना खोटं बोलतो.

जुना काटा खोटं बोलत नव्हता. हे जगात एकाच बाईला माहीत होतं आणि ती बाई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

लोरेटा मला शाळेच्या फाटकाशी भेटली, दीड वर्षापूर्वी. मूळची अलाबामाची. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आली, मी आले तशीच. मी घरी बसून कंटाळले तेव्हा डबे करून द्यायला लागले, ती कंटाळली तेव्हा बायका गोळा करायला लागली. तिचं चर्च इथल्या आफ्रिकी मंडळींचं. त्यांच्यात ती अमेरिकन, आणि इथल्या गोऱ्या अमेरिकनांत ती काळी. "मी कुठेच धड मावत नाही," ती म्हणायची, "खुर्चीतसुद्धा नाही," आणि स्वतःच गदगदून हसायची. ती बोलायची अर्थातच इंग्रजीत, पण मला ती आठवते मराठीतच, तेव्हा इथे तिला मराठीतच बोलू देते.

तिच्या गावच्या चर्चमध्ये काळ्या बायकांनी वजन उतरवायचा एक वर्ग सुरू केला होता. "आमच्या बायका सगळ्या गल्लीला जेवू घालतात," लोरेटा सांगायची, "आणि पन्नाशीत डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसतात. आई, मावशी, आत्या, सगळ्या. मग आम्ही ठरवलं की देवळात फक्त जेवणावळी का घालायच्या? तिथेच वजनही करू." हे ऐकताना मला माझ्या मावश्या दिसत होत्या. आमच्याकडे अंगानं भरलेल्या बाईला 'तब्येत सुधारली हो तुझी' म्हणतात आणि उतरलेलीला 'काय झालं गं, किती वाळलीस'. डॉक्टरांनी मला नुकतंच सांगितलं होतं की साखर वेशीवर येऊन उभी आहे. डब्यांची चव बघता बघता माझीही तब्येत बरीच सुधारली होती.

इथला वर्ग भरायचा ईस्टरआधीचे ते चाळीस दिवस, दर शनिवारी, लुकनच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला फरशीचं गोदाम, मध्ये चर्च. आत ड्रमसेट, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, चहाचा मोठा थर्मास आणि सगळ्यावर टायरचा वास. पहिल्या शनिवारी मी दारातच अडले. "मी हिंदू आहे. चालेल ना?" लोरेटानं विचारलं, "तुझा देव वजन बघून आत घेतो का?" म्हटलं, नाही. "माझाही नाही. ये आत." माझा त्या दिवशी शनिवारचा उपवास होता, म्हणून पर्समध्ये साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता, वर तुपाची धार. उपवासाला आम्ही काय खातो ते मी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. एक नायजेरियन आजी डब्यात डोकावून म्हणाल्या, "सिस्टर, मग उपवास नसतो तेव्हा काय खाता?"

त्या वर्गाची एक रीत होती. काट्यावर उभं राहायचं ते पाठमोरं. आपला आकडा आपण बघायचा नाही. तो बघायचा जोडीदारणीनं, तिच्याजवळच्या कार्डावर लिहायचा, कुणाला सांगायचा नाही. आकडा बघितला की बाई एकतर खचते नाहीतर माजते, लोरेटाच्या गावचा अनुभव. पण वजन उतरलं की चढलं ते तर कळायला हवं. त्यासाठी हात होते. उतरलं असेल तर जोडीदारणीनं खांद्यावर हात ठेवायचा. चढलं असेल तर समोर येऊन दोन्ही हात हातात घ्यायचे आणि नुसतं उभं राहायचं. बोलायचं काही नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी कार्ड पाकिटात घालून जिचं तिला द्यायचं.

पहिल्या वर्षी माझे हात लोरेटानं धरले ते तिसऱ्या शनिवारी. मला वाटलं होतं मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. तिचे हात गरम होते, तिनं मान खाली घातली होती आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. बाहेर पडल्यावर मी गाडीत बसून रडले आणि पुढचा आठवडा साबुदाण्याला हात लावला नाही. दोन पौंड उतरले.

काय काय आठवतं त्या वसंतातलं. काटा झाला की आम्ही गाळ्याभोवती फेऱ्या मारायचो, पंधरा-वीस बायका, पाऊस असला तरी. लोरेटा पुढे, गाणं म्हणत. मागच्या ओढून घ्यायच्या. मला शब्द येत नसत, मी नुसता ठेका धरायची. टायरच्या दुकानातली माणसं चहाचे मग घेऊन दारात येत आणि त्यातला एक दर शनिवारी ओरडून शाबासकी देई, "फेअर प्ले टू यू, लेडीज!" कुंपणापलीकडे गॉर्सच्या काटेरी झुडपाला पिवळी फुलं आली होती. ऊन पडलं की त्यांना नारळाचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी फेरी सोडून तिथेच उभी राहिले, कुठे कुणी नारळ खवतंय का बघत. लोरेटानं मागे येऊन मला हाताला धरून ओढत नेलं. दिवस रोज थोडा थोडा लांबत होता आणि माझी सलवार सैल होत होती. मी खूश होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना ते विसरायला होतं.

लोरेटाचं वजन हा मात्र नुसत्या सलवारीचा प्रश्न नव्हता. तिची धाकटी बहीण इव्हॉन अलाबामात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बसत होती. लोरेटाची किडनी तिला जुळत होती. तिथल्या डॉक्टरांनी लोरेटाला सांगितलं होतं, वजन चौदा स्टोनवर आणून या, मग ऑपरेशनची तारीख देऊ. ते पौंडात बोलत, आमचा काटा स्टोनमध्ये, म्हणजे चौदा पौंडांचा एक स्टोन, माझं डोकं किलोत. तरी हिशेब सोपा होता. चाळीस दिवसांत बारा पौंड. ईस्टरनंतरच्या आठवड्याचं तिकीट तिनं काढून ठेवलं होतं. इव्हॉन रोज फोनवर विचारायची, "कुठवर आलं?" आणि लोरेटा सांगायची, "माझ्या जोडीदारणीनं खांद्यावर हात ठेवलाय."

मग होळी आली.

सासूबाई तेव्हा कोल्हापूरहून आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. होळीला पुरणपोळी होणारच. मी लोरेटाला बोलावलं. ती म्हणाली, येते, पण मी गोड सोडलंय. म्हटलं, नुसती ये. नुसतं येण्याला आमच्या घरी अर्थ नाही, हे मला माहीत नव्हतं का? सासूबाईंनी तिच्यापुढे पान वाढलं, दोन पोळ्या, वर दुधाची वाटी, तुपाची वाटी. लोरेटानं एकीतला तुकडा मोडला आणि तिचे डोळेच मिटले. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण मिटलेले डोळे त्यांना बरोबर समजतात. "घे की आनी एक," त्या तिला मराठीतच म्हणाल्या. "सणाचं हाय. एकानं काय हुतंय?" लोरेटानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, आई, राहू द्या. मी काय केलं? मी तूप पातळ करून आणलं. "आज माझ्यासाठी," म्हणाले. "एवढं माझं ऐक." ती चार पोळ्या जेवली. जाताना सासूबाईंनी सहा बांधून दिल्या आणि मी हसत त्यावर फॉइल गुंडाळलं.

त्या शनिवारी लोरेटा पाठमोरी काट्यावर उभी राहिली. काटा वर गेला होता, तीन पौंड. पुरणपोळ्यांनी आठवड्यात एवढं चढतं का, मला माहीत नाही. पण मला त्या तीन पौंडांत माझं तूप दिसत होतं. आता समोर जाऊन तिचे हात धरायचे होते. तिच्या मानेवरचे बारीक केस घामानं चिकटले होते आणि ती वाट बघत होती. मी हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

"थँक यू, जीझस," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि थँक यू, मेधा."

मला कुणी खोटं बोलायला शिकवलेलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. माझ्या बाबांना साखरेचा आजार होता. पुण्याच्या घरी रोज सकाळी आई त्यांच्या बोटाला टोचायची आणि मशीनवरचा आकडा वाचून दाखवायची. बाबा चष्मा न लावता विचारायचे, "किती?" आणि मशीनवर दोनशे साठ असताना आई म्हणायची, "एकशे पन्नास." माझ्याकडे बघून डोळ्यांनी दटावायची. त्यांना टेन्शन नको म्हणून. बाबा निर्धास्त व्हायचे, दुपारी एक चिकू खायचे. आधी पायाची दोन बोटं गेली, मग पाय गेला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली आणि आई अजून म्हणते, "मी खरं सांगत बसले असते तर धसक्यानं आधीच गेले असते." मी कधी उलट बोलले नाही. आमच्या घरात आजाऱ्यापासून आकडा लपवणं याला प्रेम म्हणतात, आणि ते मी इतकं जवळून पाहिलं होतं की माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला.

एकदा खोटा आकडा लिहिला की पुढचा त्याच्या खालीच लिहावा लागतो. पुढच्या शनिवारी लोरेटाचं वजन खरोखर उतरलं, पण कार्डावरच्या आकड्याच्या वरच. मी स्वतःला समजावलं, ती उत्साहात आहे, उतरवेल, खरा आकडा खोट्याला गाठेल. तिनं चालणं वाढवलं. रात्रीचा भात सोडला. मी डब्यात तिला काकडीची कोशिंबीर, मुगाचं धिरडं पाठवत राहिले, लाच दिल्यासारखी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी काटा चौदा स्टोन सहा पौंडांवर थांबला. कार्डावर मी लिहिलं, चौदा. पाकीट बंद केलं आणि तिला दिलं. तिनं ते तिथेच फोडलं आणि सगळा गाळा डोक्यावर घेतला. नायजेरियन आजी नाचल्या. टायरवालाही येऊन हस्तांदोलन करून गेला.

तिला विमानतळावर सोडायला मीच गेले. सँट्रीच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हा मी तोंड उघडलं होतं. तिनं त्याच वेळी पर्समधून कार्ड काढून त्याचा मुका घेतला. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी काढली.

आठवड्यानं तिचा फोन आला. हॉस्पिटलात वजन सहा पौंड जास्त भरलं, रक्तदाबही वर होता, त्यांनी परत पाठवलं. मी ऐकत होते, आता ती विचारेल, आता विचारेल. ती म्हणाली, "काटे बघ कसे असतात, मेधा. हॉस्पिटलचा म्हणतो एक, आपला म्हणतो दुसरंच. आपला जुना झालाय." तिनं डॉक्टरांवर शंका घेतली, यंत्रावर घेतली, स्वतःच्या मोज्यांवरही घेतली असेल. माझ्यावर घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

परत आली ती खचूनच. थोडं वजन चढलं. उन्हाळ्यात इव्हॉनला इन्फेक्शन झालं, सगळंच पुढे गेलं. आता या जानेवारीत डॉक्टरांनी पुन्हा सांगितलंय, ईस्टरपर्यंत चौदावर या. वर्षभर मी एक सबब शिवत बसले होते. स्टोन, पौंड आणि किलोच्या गोंधळात माझीच चूक झाली असेल असं म्हणायचं. सबब इतकी चोख होती की मला एकदा-दोनदा खरी वाटली. तिला भेटले की मी भराभर बोलायची, मध्येच उठायची, चहा टाकायची. ईरानं एकदा विचारलं, "आई, व्हाय आर यू बीइंग वीअर्ड विथ लोरेटा?" मी म्हटलं, "कुठे काय?" ती म्हणाली, "ग्रँड, सो," म्हणजे 'बरं तर', आणि निघून गेली.

तर काल शनिवार होता. मी साडेनऊलाच पोचले. गाळ्याच्या दाराबाहेर कचऱ्याच्या डब्याला टेकून जुना काटा पावसात उभा होता. निर्दोष माणसाला घराबाहेर काढल्यासारखं वाटलं मला. मी तो उचलून आत नेला आणि ओढणीनं पुसला. लोरेटा खुर्च्या मांडत होती. "तो कशाला आणलास? फेकलाय मी." मी काटा फरशीवर नीट मांडला. गाडीत डब्यांसाठी घेतलेलं दहा किलो कणकेचं पोतं होतं, ते उचलून आणलं. आधी तिच्या नव्या काट्यावर ठेवलं. मग जुन्यावर. दोन्हीकडे तंतोतंत सारखं. एक स्टोन आठ.

लोरेटा खुर्ची हातात धरून बघत राहिली.

"काटा बरोबर आहे," मी म्हणाले. "गेल्या वर्षीही बरोबर होता. होळीनंतरचं सगळं मी खोटं लिहिलं. शेवटी तू चौदा स्टोन सहा होतीस." शिवून ठेवलेली सबब जिभेवर आली होती. तिथून ती परत गेली, कशी ते मला सांगता येणार नाही.

"का?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

तिनं खुर्ची खाली ठेवली. हॉस्पिटलचे सहा पौंड आणि माझे सहा पौंड तिच्या मनात जुळलेले मला दिसले. "माझी बहीण आजही त्या खुर्चीत बसली असेल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझं मन जपलंस. तिचं काय?"

ती आतल्या किचनमध्ये गेली. नळ सुटला. मी दारातून पाहिलं तर ती धुतलेलेच कप पुन्हा धूत होती.

बायका यायला लागल्या. छत्र्या मिटल्या, थर्मास भरला गेला, आजींनी माझा गालगुच्चा घेतला. निघून जावं असं वाटत होतं, पण कणकेचं पोतं अजून काट्याशेजारी पडलं होतं आणि ते उचलून सगळ्यांसमोर बाहेर पडायचा धीर होईना. पाच-सहा जणींची वजनं झाली. हात खांद्यावर पडत होते. पहिल्या शनिवारी मागच्या वर्षीच्या शेवटच्या आकड्याशी तुलना करतात. लोरेटा बाहेर आली, बूट काढले आणि येऊन उभी राहिली. नव्या नाही, जुन्या काट्यावर. पाठमोरी.

"मागचा आकडा कुठला धरायचा?" तिनं मान न वळवता विचारलं.

"खरा."

"बघ मग."

मी वाकून पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. चौदा स्टोन नऊ. नवं कार्ड होतं, त्यावर पहिल्यांदाच पेन टेकवलं आणि लिहिलं, चौदा-नऊ. मग उठले. तिच्या खांद्यावर कोट भिजल्याचा डाग होता. त्याच्या बाजूनं मी पुढे गेले, तिच्या समोर उभी राहिले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

कप धुवून ते गार पडले होते. तिनं माझे हात धरले नाहीत. आपले सोडवूनही घेतले नाहीत.